हिप्पी, व्हिएतनाम आणि साठच्या दशकातली गाणी: वाचनालयात बोलायचंय, मदत करा

शहापूर_वाचक

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या वाचनालयात दर महिन्याला एकजण कुठल्यातरी विषयावर बोलतो, येत्या शनिवारी माझी पाळी आहे आणि मी विषय घेतलाय साठच्या दशकातली अमेरिकेतली नि इंग्लंडातली गाणी आणि त्या वेळच्या तरुण पोरांचं बंड. विषय घेतला हौसेनं, आता तयारीला बसलेय तर सुरुवात कुठनं करावी तेच कळेना झालंय. लोकगीतांतले बॉब डिलन नि जोन बाएझ, बीटल्स बँड, गिटारवाला जिमी हेंड्रिक्स सगळं ऐकून झालं, खरं निम्म्या गाण्यांत चळवळ सरळ दिसते आणि निम्म्यांत काहीच दिसत नाही, नुसती प्रेमाची नाहीतर स्वप्नातल्यासारखी गाणी आहेत, तरी पुस्तकात लिहिलेलं असतं की हे पण त्या बंडाचंच गाणं.

ऐकायला येणारे म्हणजे निवृत्त शिक्षक, दोनतीन फौजी काका, थोडी आमच्या वयाची पोरं. सीमालढ्याच्या सभा ऐकत मोठी झालेली माणसं आहेत ती, पोवाडा, भजन सगळं पाठ, गाणं आणि आंदोलन ह्यांचं नातं त्यांना मी शिकवायची गरजच नाही. खरं 'हिप्पी' म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढं गोव्याचा किनारा आणि गांजा एवढंच येतंय. एका काकांनी तर आत्ताच विचारलंय, त्या नशेबाजांवर काय बोलणार गं तू.

तर प्रश्न असा, गाण्यांनी चळवळ घडवली का चळवळ आधीच होती आणि गाणी मागनं आली? आणि तासाभरात पाचसहाच गाणी वाजवायची तर कुठली?

निपाणी_वेस

चळवळ आधी, गाणी मागनं. ह्यात मला तरी शंका नाही. आणि सुरुवात हिप्पींपासनं करूच नकोस, ते खूप उशिरा आले, 1966-67 च्या सुमाराला. त्याच्या आधीची दहा वर्षं काळ्या लोकांचा हक्कांचा लढा चाललेला होता आणि गाण्याचा सगळा दारूगोळा तिथनं आलाय.

'वुई शॅल ओव्हरकम' घे. आपल्याकडं शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणतात, कन्नड शाळेतली पोरं 'गेद्दे गेल्लुवेवु' म्हणतात, तेच. हे मूळचं काळ्यांच्या चर्चमधल्या भजनांतनं आलेलं, खरं लढ्यात कुणी आणलं माहितीये का, तंबाखूच्या कामगार बायकांनी! 1945 साली साउथ कॅरोलिनात चार्ल्सटन गावी सिगार कारखान्यात संप झाला, संपात बहुतेक काळ्या बाया, थंडीपावसात गेटवर उभं राहायच्या आणि दिवस संपताना हे गाणं संथ लयीत म्हणायच्या. त्यांच्याकडनं ते टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या शाळेत गेलं, तिथं कामगार कार्यकर्त्यांची शिबिरं व्हायची, तिथनं पीट सीगर ह्या लोकगायकाकडं गेलं आणि 1960 नंतर हॉटेलात काळ्यांना बसू देत नाहीत म्हणून धरणं धरणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तोंडी बसलं. मी विड्या वळणाऱ्या बाईची मुलगी आहे, निपाणीत तंबाखूच्या वखारीच्या वासात वाढलेय, 1981 चं हायवेवरचं शेतकऱ्यांचं तंबाखू आंदोलन घरात रोज बोललं जायचं. हा चार्ल्सटनचा संप पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चारचौघींना फोन करून सांगितलं होतं. तुझ्या ऐकणाऱ्यांत निपाणी-चिकोडीकडचं कुणी असेल तर हे आधी सांग, पुढचा सगळा तास ते कान देऊन ऐकतील.

मग सॅम कुक. गोड गळ्याचा, गुळगुळीत प्रेमगीतं गाणारा, गोऱ्या पोरींत पण लोकप्रिय. ऑक्टोबर 1963 ला लुइझियानातल्या श्रेवपोर्टला हॉटेलनं त्याला खोली दिली नाही, त्यानं आवाज चढवला तर अटक झाली. त्याच वर्षी त्यानं डिलनचं 'ब्लोइंग इन द विंड' ऐकलेलं आणि त्याला लागलं होतं की हे गाणं एका गोऱ्या पोरानं लिहिलं, आम्ही का नाही लिहिलं. त्यातनं 'अ चेंज इज गॉना कम' आलं. डिसेंबर 1964 ला तो गोळी लागून मेला आणि सिंगल म्हणून ते गाणं त्याच्या मागं बाहेर पडलं.

आणि नीना सिमोन तर वाजवच. सप्टेंबर 1963 ला अलाबामात बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुली मारल्या, त्या रागात तिनं 'मिसिसिपी गॉडॅम' लिहिलं. 1964 चं न्यूयॉर्कचं लाइव्ह रेकॉर्डिंग लाव. चाल नाटकातल्या गाण्यासारखी उड्या मारणारी आहे, सुरुवातीला बसलेले लोक हसतात पण, आणि मग एकेक ओळ पुढं जाईल तसं हसणं बंद पडतं. ते हसणं बंद पडतंय ते रेकॉर्डवर ऐकू येतंय, तेवढं लोकांना नीट ऐकव, मधे बोलू नकोस.

जुना_कॅम्पकर

बाळ, मी फौजी. तुझ्या वाचनालयात येणाऱ्या फौजी काकांच्या बाजूनं सांगतो.

आपल्याकडं खानापूर, बेळगाव, चिकोडी कुठंही जा, गल्लीत एकतरी घर फौजेतलं असतंय. कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर, भरती निघाली की पोरं पहाटेपासनं रांगेत. फौज म्हणजे इथं पोट पण आणि मान पण. म्हणून तू युद्धविरोधी गाणी म्हटलीस की आमच्यासारख्याला पहिल्यांदा वाटणार हा सैनिकाचा अपमान आहे. ते आधी सोडव. अमेरिकेत तेव्हा भरती सक्तीची होती, अठरा वर्षं झाली की नाव नोंदवायचं, बोलावणं आलं की जायचं, आणि कॉलेजात शिकत असलास तर पुढं ढकलता यायचं. म्हणजे गेला कोण, तर गरिबाचा पोरगा, काळ्याचा पोरगा, शेतकऱ्याचा पोरगा. आणि बहुतेक राज्यांत मत द्यायचं वय एकवीस! 1965 ला बॅरी मॅग्वायरचं 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' पहिल्या नंबरवर गेलं, त्यात हाच राग आहे, मारायला आम्ही मोठे आणि मताला लहान. पुढं 1971 ला घटना दुरुस्त करून त्यांनी वय अठरा केलं. आपल्याकडं ते 1989 ला झालं.

क्रीडेन्स बँडचं 1969 चं 'फॉर्च्युनेट सन' ह्याच्यावरच आहे, मोठ्या बापाची पोरं घरात आणि बाकीचे लढाईवर. ते गाणारा जॉन फोगर्टी स्वतः राखीव फौजेत होता. म्हणजे सैनिकावर राग नव्हे, पाठवणाऱ्यावर राग.

आणि एक गोष्ट नक्की सांग. व्हिएतनाममधल्या जवानांचं सगळ्यात लाडकं गाणं कुठलं होतं, तर 'वुई गॉटा गेट आउट ऑफ धिस प्लेस', इंग्लंडच्या ॲनिमल्स बँडचं, 1965. त्यात युद्धाचं नाव नाही. गरीब वस्तीत राबून मरणाऱ्या बापाचं आणि इथनं निघून जाऊया म्हणणाऱ्या जोडप्याचं गाणं आहे. खरं जंगलात वर्षभर दिवस मोजत बसलेल्या पोरानं ते ऐकलं की त्याला काय वाटत असेल ते मला सांगावं लागत नाही. मी पण पहाडात पोस्टिंगवर असताना ट्रान्झिस्टर उशाला घेऊन झोपलोय, एखादं साधं सिनेमातलं गाणं लागायचं आणि सगळी बराक गप व्हायची, गाणं कुणी कशासाठी लिहिलं ते कोण बघतंय.

तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. गाणं चळवळीचं लिहिणारा करत नाही, ऐकणारा करतो.

शहापूर_वाचक

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार, मी रात्री बसून सगळं वहीत उतरवून घेतलं. काका, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मला एकदम अण्णाभाऊ साठेंची 'माझी मैना गावावर राहिली' आठवली. वरवर बघितलं तर ती छक्कड म्हणजे मुंबईत पोटासाठी आलेल्या माणसाचा बायकोसाठी विरह, खरं आमच्याकडं ती ऐकून म्हातारी माणसं डोळे पुसतात ते बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिलं म्हणून. मग मी इंग्रजी प्रेमगीतांत चळवळ दिसत नाही म्हणून अडून का बसलेय!

जुना_कॅम्पकर

बरोबर धरलंस. फरक एवढा की अण्णाभाऊंनी ते जाणून केलं, गाण्यात बेळगावचं नाव सरळ येतं. तिकडं बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या मनात पण नव्हतं. 1964 चं 'डान्सिंग इन द स्ट्रीट' बघ, मार्था अँड द व्हँडेलाज, डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीचं. उन्हाळ्यात रस्त्यावर येऊन नाचूया एवढंच. पुढच्या तीनचार वर्षांत शहरांशहरांत काळ्या वस्त्या पेटल्या आणि 'रस्त्यावर या' चा अर्थच बदलला.

निपाणी_वेस

'रिस्पेक्ट' पण तसंच. 1965 ला ओटिस रेडिंगनं म्हटलं तेव्हा ते दमून घरी आलेल्या नवऱ्याचं गाणं होतं, मला घरी मान दे म्हणणारं. 1967 ला अरीथा फ्रँकलिननं तेच उलटं फिरवलं, बाई मागतेय आता मान, आणि ते बायकांचं पण झालं आणि काळ्यांचं पण झालं. हे वाजव गं, ह्याला समजवायची गरजच पडत नाही.

अथणी_मिरज_रोड

सतारीबद्दल कुणी बोललंच नाही अजून, मी बोलतो. आमचं गाव अथणी, लहानपणापासनं मिरजेला येणंजाणं, मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांत तासन्‌तास बसलोय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा वाळलेला भोपळा, त्याला तुणीच्या लाकडाचा दांडा, घोडीवर जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काढायला कारागीर कानस फिरवत बसतो, एक घास जास्त पडली तर आवाज बसला. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळालं.

तर बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसननं 1965 च्या डिसेंबरात निघालेल्या रेकॉर्डवर सतार वाजवली तेव्हा त्याला नीट बसून धरता पण येत नव्हती. खरं पुढं 1966 ला तो मुंबईत आला, रविशंकरांकडं रीतसर शिकायला बसला, हे मला त्याचं कौतुक वाटतं. 1967 च्या रेकॉर्डवरचं 'विदिन यू विदाउट यू' ऐका, त्यात बाकीचे तीन बीटल्स वाजवतच नाहीत, तबला, दिलरुबा, तानपुरा आहे. 1968 च्या जानेवारीत मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यानं आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग पण केलं.

हिप्पींना आपल्याकडचं काय पाहिजे होतं, तर आईबापांच्या जगापेक्षा वेगळं काहीतरी. युद्ध नको, कोट-टायची नोकरी नको, चर्च नको, मग पूर्वेकडचं ध्यान, योग, सतार आली. आणि त्याबरोबर एलएसडीची नशा आली, त्या दोन्हीची सरमिसळ झाली हे दुर्दैव. जून 1967 ला कॅलिफोर्नियात माँटेरीला महोत्सव झाला, तिथं रविवारी दुपारी पंडितजी म्हणजे रविशंकर आणि तबल्यावर अल्लारखाँ बसले, भीमपलास वाजवला, हो हो तोच आपला दुपारचा भीमपलास! वाजवायच्या आधी त्यांनी सिगरेट ओढू नका म्हणून विनंती केली आणि लोकांनी ऐकली. तिथला व्हिडिओ मिळाला तर बघा, शेवटच्या 'झाला' ह्या जलद भागात लोकांचे चेहरे कसे झालेत, हेंड्रिक्स पण बसलाय ऐकत.

आणि त्याच रात्री हेंड्रिक्सनं स्टेजवर स्वतःची गिटार पेटवली. पंडितजींना ते सहन झालं नाही. आपण खंडेनवमीला वाद्याची पूजा करतो, वाद्याला चुकून पाय लागला तर कपाळाला हात लावतो, आणि इथं जाळलं. मला तर आजही ते बघवत नाही. खरं त्या पोरांच्या जागी बसून विचार केला तर त्यांना सगळंच जाळायचं होतं, जे जे प्रिय ते पण. शनिवारी हे दोन्ही एकापाठोपाठ दाखव, आधी भीमपलास मग ती पेटलेली गिटार. त्या दशकातली ओढाताण एका दिवसात सापडते.

गांजाचं विचारणाऱ्या काकांना सांग की पंडितजींनी स्वतः ह्याच्यावर राग व्यक्त केला होता, आमच्या संगीताला नशेशी जोडू नका म्हणून ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

खानापूर_रेकॉर्डवाला

सगळे शब्दांवर बोलायलेत, मी जरा तबकडीवर बोलतो कारण माझ्या घरी त्या आहेत आणि मी त्या रोज पुसतो.

तोपर्यंत गाणं म्हणजे तीन मिनिटांचं, छोट्या 45 फेऱ्यांच्या तबकडीवर. रेडिओला पाहिजे होतं तसं, जाहिरातींमधे बसलं पाहिजे. डिलनचं 1965 चं 'लाईक अ रोलिंग स्टोन' सहा मिनिटांच्या वर, कंपनी घाबरली, रेडिओवाल्यांसाठी ते दोन बाजूंना तोडून दिलं, खरं लोकांनीच हट्ट धरला की पूर्ण लावा. मग एलपी, म्हणजे मोठी तबकडी, आली पुढं. आता एका बाजूला वीस मिनिटं, कव्हर उघडून वाचत बसायचं, पोरं खोलीत गोल करून बसून पूर्ण रेकॉर्ड ऐकायची. आणि 1967 ला सॅन फ्रान्सिस्कोत टॉम डोनाह्यू नावाच्या माणसानं एफएमवर लांब लांब गाणी, एलपीच्या एलपी लावायला सुरुवात केली. हे नसतं तर हेंड्रिक्स आणि ग्रेटफुल डेडसारखे बँड लोकांपर्यंत गेलेच नसते. म्हणून तुला ज्या गाण्यांच्या शब्दांत काही दिसत नाही ना, त्यांचं बंड आवाजात आहे. टेप उलटी फिरवलेली, गिटार किंचाळतेय, एकच सूर धरून दहा मिनिटं. आईबापांनी खालनं ओरडून बंद कर म्हणावं असा आवाज, आणि तेच पाहिजे होतं त्यांना.

डिलनचं न्यूपोर्ट पण सांग. 25 जुलै 1965, लोकगीतांचा महोत्सव, चळवळीतली सगळी माणसं बसलेली, आणि त्यांचा लाडका पोरगा इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेऊन आला, हुर्यो उडवली लोकांनी. कुणी म्हणतंय आवाज खराब होता म्हणून, कुणी म्हणतंय तीनच गाण्यांत आत गेला म्हणून. मला वाटतंय, चळवळीला आपला गायक कायम आपल्याच झेंड्याखाली उभा पाहिजे असतो आणि गायकाला ते कधीतरी जड होतं. आमच्याकडच्या शाहिरांच्या बाबतीत पण हे झालेलं मी बघितलंय.

बाकी वूडस्टॉक म्हणजे शिखर. ऑगस्ट 1969, एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात चार लाखांवर पोरं, पाऊस, चिखल, खायला नाही, तरी दंगा नाही. ते घेतल्याशिवाय कार्यक्रम होणारच नाही.

निपाणी_वेस

दादा, वूडस्टॉकला शिखर म्हणायला मी तयार नाही. तिकिटं लावूनच ठरलेला कार्यक्रम होता तो, कुंपण वेळेत झालं नाही म्हणून फुकट झाला, पुढं सिनेमा काढून पैसे वसूल झाले. आणि कंपन्यांना तोवर कळलेलंच होतं की बंड विकतंय, 1968 ला कोलंबिया रेकॉर्ड्सनं जाहिरात दिली होती, सरकारी माणूस आमचं संगीत मोडू शकत नाही अशा अर्थाची, कोठडीत बसलेल्या आंदोलक पोरांचा फोटो टाकून. संप करणाऱ्या बायांना तिथं कुणी विचारत नव्हतं. आणि चारच महिन्यांत, 6 डिसेंबर 1969 ला, अल्टामाँटला रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात मोटरसायकल टोळीला स्टेजची राखण दिली आणि अठरा वर्षांच्या मेरेडिथ हंटर ह्या काळ्या पोराला स्टेजसमोर भोसकून मारलं. तो त्यांच्या प्रेम-शांतीचा दुसरा चेहरा आहे, तो झाकून बोलायचं नाही.

खानापूर_रेकॉर्डवाला

अल्टामाँट झाकायला कोण सांगतंय ताई. खरं चार लाख पोरांनी तीन दिवस एकमेकांना भाकरी वाटून खाल्ली हे पण खोटं नव्हे. पैसे कुणी कमवले ते वेगळं, पोरं कशासाठी आली ते वेगळं.

जुना_कॅम्पकर

तुम्ही दोघं भांडा, मी एकच सांगतो. वूडस्टॉकमधलं एकच घे, हेंड्रिक्सचं राष्ट्रगीत. तो स्वतः पॅराट्रूपर होता, 101 एअरबोर्न, 1961-62. सोमवारी सकाळी वाजवलं, बहुतेक लोक घरी गेलेले, रानात चिखल आणि कचरा. राष्ट्रगीताची चाल तीच ठेवलीय, मधेच गिटारीतनं बॉम्ब पडतोय, विमान खाली येतंय, माणसं ओरडतात असं वाटतं, आणि मग परत चालीवर येतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग यायला पाहिजे होता खरं आला नाही. उडी मारलेल्या माणसानं वाजवलंय ते. फौजी काकांना हे आधी सांग आणि मग लाव.

आणि दुसरी बाजू पण सांगायची, नाहीतर लोकांना वाटेल सगळी अमेरिका केस वाढवून फिरत होती. 1966 ला पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं 'बॅलड ऑफ द ग्रीन बेरेज', व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या सार्जंट सॅडलरनं फौजेच्या अभिमानानं गायलेलं. आणि 1969 सालचं तिथलं सगळ्यात खपाचं गाणं वूडस्टॉकमधलं एक पण नव्हे, 'शुगर शुगर', कार्टूनमधल्या बँडचं.

शहापूर_वाचक

बापरे, शुगर शुगर! हे सांगितलं तर पोरं नक्की जागी होतील.

बरं, माझी यादी अशी झालीय, बघा आणि सांगा. चार्ल्सटनच्या बायांची गोष्ट सांगून 'वुई शॅल ओव्हरकम', मग नीना सिमोन पूर्ण, 'वुई गॉटा गेट आउट' आणि त्याला लागून 'माझी मैना', कारण काकांचा मुद्दा मला त्या दोन गाण्यांतनंच दाखवायचाय. मग भीमपलास आणि पेटलेली गिटार. मग हेंड्रिक्सचं राष्ट्रगीत. शेवटी मार्विन गेचं 'व्हॉट्स गोइंग ऑन' घेऊ का? 1971 चं आहे, दशकाच्या बाहेर जातंय.

जुना_कॅम्पकर

घे की. दशक काय 31 डिसेंबरला संपत नाही. त्याचा भाऊ फ्रँकी तीन वर्षं व्हिएतनामला राहून आलेला, त्यानं घरी येऊन जे सांगितलं ते त्या रेकॉर्डमध्ये आहे. फौजेतनं परत आलेला भाऊ कसा गप बसतो ते आमच्या गल्लीतल्या लोकांना माहिती आहे.

निपाणी_वेस

चालतंय. फक्त 'ओहायो' कुठंतरी बसव. 4 मे 1970 ला ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डनं, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेनं, गोळीबार करून चार विद्यार्थी मारले, नील यंगनं मासिकातले फोटो बघून गाणं लिहिलं, त्याच महिन्यात रेकॉर्ड झालं आणि जूनमध्ये रेडिओवर होतं. आधी गोळीबार, मग गाणं, तू विचारलेला पहिला प्रश्न. तीनच मिनिटांचं आहे, वेळ जात नाही.

खानापूर_रेकॉर्डवाला

वाचनालयाचा स्पीकर कसला आहे ते सांग. मोबाईलवरनं हेंड्रिक्स लावणार असशील तर लावू नकोस, खालचा आवाज सगळा जातो. माझा ॲम्प्लिफायर आणि दोन बॉक्स आहेत, शनिवारी दुपारच्या बसनं घेऊन येतो, गोवावेस सर्कलला कुणाला तरी गाडी घेऊन पाठव. नीना सिमोनची एलपी पण आणतो, तिथं प्लग पॉइंट किती आहेत ते आधी बघून ठेव.

शहापूर_वाचक

दादा, प्लग दोनच आहेत, त्यातला एक पंख्याला लागलाय. एक्स्टेन्शन बोर्ड मी आणते, गाडी घेऊन भावाला चार वाजता पाठवते.